वायरी गुंडाळण्याआधी

प्रिय पोरी,

काल फोनवर तू चार वेळा ‘जाऊ दे ना काका’ म्हणालीस. मी मोजलं. ज्याला खरंच जाऊ द्यायचं असतं तो एकदाच म्हणतो आणि पुढच्या विषयाला लागतो. तू रात्री पावणेबाराला फोन केलास, वीस मिनिटं कॉलेज, पाऊस, नवीन कीबोर्डचा स्टँड असं बोलत राहिलीस आणि मग हळूच सांगितलंस, की तुमच्या बँडचं गाणं ऑनलाइन आलं तेव्हा ‘संगीत’ या शब्दापुढे दोनच नावं होती. त्यात तुझं नव्हतं. आणि लोक रील्समध्ये वापरतायत तो तुकडा मात्र सुरुवातीचाच आहे, जो तू बसवलास.

तू छान वाजवतेस, कष्ट कर, नाव होईल, असलं काही मी लिहिणार नाही. चौघं एका खोलीत पंखा बंद ठेवून घाम गाळतात आणि अचानक गाणं उभं राहतं, तेव्हा काय वाटतं हेही तुला सांगायला नको. ते माहीत नसतं तर तू गप्प बसलीच नसतीस. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तालीम संपली, की वायरी गुंडाळण्याआधी लिहायचं. कोणी काय केलं ते त्याच दिवशी, त्याच खोलीत, सगळे समोर असताना. घरी जाऊन नाही, ग्रुपवर नाही, ‘गाणं चाललं तर बघू’ असं तर मुळीच नाही. वायरी गुंडाळण्याआधी.

मागच्या वर्षी मी तुला ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे इंग्रजी गाणं ऐकवलं होतं, आठवतं? पहिला ऑर्गन वाजताच तू म्हणालीस, ‘अय्या, हे ऐकलंय.’ मी बँडचं नाव विचारलं, तर तुला माहीत नव्हतं. प्रोकल हारम. जगातल्या बहुतेकांची हीच गत आहे. या बँडनं १९६७ ते १९७७ दहा वर्षं रेकॉर्ड काढल्या, १९७१ साली कॅनडात एडमंटनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर अख्खी मैफल केली, त्यातलं एक गाणं अमेरिकेत वरच्या वीसात गेलं. ‘अ सॉल्टी डॉग’सारखा अल्बम केला, जो मी आजही आजारी पडलो की लावतो. आणि लोकांनी धरून ठेवलं ते हे एकच गाणं, बँड जमून काही आठवडेच झाले होते तेव्हा केलेलं. मे १९६७ मध्ये बाहेर आलं, जूनमध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सहा आठवडे तिथून हललं नाही. जगभरात एक कोटीच्या वर प्रती खपल्या.

तर त्या गाण्याची गोष्ट नीट ऐक. शब्द कीथ रीडचे. कुठल्याशा पार्टीत कोणीतरी कोणाला म्हणालं, की तुझा चेहरा पांढराफटक पडलाय, ते त्यानं ऐकलं आणि धरून ठेवलं. हा रीड एकही वाद्य वाजवत नसे, स्टेजवर उभा राहत नसे, तरी पहिल्या दिवसापासून बँडचा पुरा सदस्य. चाल गॅरी ब्रूकरची, तो पियानोवर बसून गायचा. गाण्याची नोंद दोघांच्या नावानं झाली. मग बँडमध्ये आला मॅथ्यू फिशर, वय एकवीस, हॅमंड ऑर्गन घेऊन.

पेटी काढ. सफेद एकला सा धर. आता डाव्या हातानं खाली उतर: सा, नी, ध, प, म, ग, रे, सा. घाई नको, एकेक पायरी. हा ब्रूकरचा पियानो, आणि त्यात बाखचा, त्या जुन्या जर्मन संगीतकाराचा, वास आहे हे तोही सांगायचा. आता ही उतरण चालू ठेवून वर उजव्या हातानं काही वाजवून बघ. तुझ्या डोक्यात आपोआप जे येईल, तो लांब धरलेला स्वर, मग हळूच वळणारी ती ओळ, ते ब्रूकरचं नाही. ते फिशरचं. आठ बारांचा (बार म्हणजे तालाचं एक माप) तो तुकडा काढून टाक आणि कोणालाही विचार, हे कुठलं गाणं? ओळखायला वेळ लागेल. उलट नुसता तो तुकडा वाजव. रिक्षावालासुद्धा मान डोलावेल.

गाणं चढत होतं तेव्हाच फिशरनं विचारलं होतं, की माझा वाटा? टाळाटाळ झाली, आणि त्यानं लावून धरलं नाही. एकवीस वर्षांचा मुलगा, बँड पहिल्या क्रमांकावर, लावून धरलं तर बँडमधून जाऊ अशी धास्ती. मला त्याचा तो उन्हाळा अगदी डोळ्यांसमोर दिसतो. १९६९ साली तो बँड सोडून गेला, पुढे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगकडे वळला. १९९१ मध्ये बँड पुन्हा जमला तेव्हा परत आला आणि वर्षानुवर्षं ब्रूकरच्या शेजारी उभं राहून तोच तुकडा वाजवत राहिला. मग २००५ साली कोर्टात गेला. अडतीस वर्षांनी!

२००६ साली लंडनच्या हायकोर्टानं मान्य केलं, की ऑर्गनचा तो तुकडा ही रचना आहे, नुसती वाजवणी नाही, आणि संगीतात ४० टक्के वाटा दिला. २००८ साली अपिलात उलटं झालं: रचनाकार तू आहेस खरा, पण इतका उशीर केलास, आता पैसे मागू नकोस. शेवटी ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, एकमतानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. दावा केल्यापासून पुढचा वाटा मिळाला. मागची अडतीस वर्षं गेली ती गेली. निकाल देणाऱ्यांत बॅरोनेस हेल होत्या. साठचं दशक आठवणाऱ्यांपैकी आपण एक आहोत आणि त्या ऑर्गनच्या कर्त्याला अखेर मान मिळाला याचा आनंद आहे, अशा अर्थाचं त्यांनी निकालात लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभा होतो. दूध उतू गेलं.

आता ब्रूकरबद्दल. तो लुच्चा माणूस होता असं मी कधीच म्हणणार नाही. फिशर येण्याच्या आधी तो पियानोवर बसला होता, चाल त्यानं शोधली होती, आणि शेवटपर्यंत त्याला मनापासून वाटत होतं की गाणं आपलं आहे. फिशरलाही मनापासून वाटत होतं. मला विचारशील तर दोघंही खरं बोलत होते. माणूस खोटं बोलत नाही गं, त्याची आठवण त्याच्या बाजूनं कलते. वर्षाला इतकुशी, पण कलते. अडतीस वर्षांत ती कुठल्या कुठे जाते. म्हणून तर म्हणतो, आठवणीवर सोडू नका. खोली गरम आहे, अॅम्प चालू आहे, चौघांच्याही कानात तो तुकडा अजून वाजतोय, तोवर लिहा. वायरी गुंडाळण्याआधी.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये एक ड्रमर होता, बिल आयडन, जॅझवाला. तो बँडचा नव्हता, त्या दिवसापुरता बोलावलेला. ठरलेले पैसे घेतले, वाजवलं, गेला. त्याचं मी रडगाणं गाणार नाही. काय ठरलंय ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा उद्या ‘मी पण त्या गाण्यात होते’ एवढ्यावर हक्क सांगायला जाऊ नकोस. तुमच्या दुसऱ्या गाण्यात तू साधे कॉर्ड धरलेत, तिथे तू वादक आहेस. पहिल्यात तू रचनाकार आहेस. हा फरक तुला कळतो. समोरच्याला कळावा म्हणून तो बोलून दाखवावा लागतो.

आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या हिंदी सिनेमाचा तो भरघोस ऑर्केस्ट्रा गोव्याच्या लोकांनी उभा केला. सबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार चाल गुणगुणायचा, हे लोक रात्रभर बसून नोटेशन लिहायचे, व्हायोलिन कुठे शिरेल, ट्रम्पेट कुठे थांबेल. लिहिणारी माणसं होती, हे लक्षात घे! हजारो कागद लिहिले, आणि आज रस्त्यावरच्या शंभरांना विचार, त्यांचं काम कोणाला सांगता येईल? माजोर्ड्याच्या गोन्साल्विस मास्तरांचं तेवढं नाव घरोघरी गेलं, तेही शिष्यानं, प्यारेलालजींनी, एका गाण्यात घातलं म्हणून. शिष्याला वाटलं म्हणून नाव राहिलं. कोणाला वाटेल म्हणून वाट बघत बसायची का?

आता माझं सांगतो. तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. तुझ्या आईनं सांगितलं असेल ते तिच्या पद्धतीनं.

आमचा चौघांचा बँड होता. कॉलेजचे फेस्टिव्हल करायचो, एकदा मुंबईच्या रंगभवनला मधल्या वेळात पंचवीस मिनिटं मिळाली, तेवढ्यावर वर्षभर छाती काढून फिरलो. पोट भरेना म्हणून १९८८ मध्ये आम्ही दोघं, मी आणि माझा मित्र, मराठी कॅसेटच्या कामात शिरलो. गाणं त्याचं होतं, चाल त्याची. मी नाकारत नाही, कधीच नाकारलं नाही. पण मुखड्याच्या आधीचा पीस, ज्यावर आज लोक नाचतात, तो मी माहीमच्या त्याच्या खोलीत, उसन्या कीबोर्डवर, दुपारी तीन ते साडेपाचात बसवला. त्याची बहीण चहा घेऊन आली आणि दारातच थांबली, संपेपर्यंत आत आली नाही. तेव्हाच मला कळलं होतं, की हे काहीतरी आहे. साडेपाचला मी वायरी गुंडाळल्या, कीबोर्ड चादरीत बांधला आणि सहाची गाडी पकडली. कागद नाही, शब्द नाही.

कॅसेट आली. इनले कार्डवर बारीक अक्षरात ‘संगीत’ आणि एकच नाव. मी दुकानात उभा राहून ते कार्ड घडीतून पूर्ण उलगडलं, मागची बाजूसुद्धा बघितली. दुकानदार म्हणाला, घ्यायची असेल तर घ्या. मी घेतली. मित्राला फोन केला आणि काय बोललो माहीत आहे? ‘अभिनंदन. छान छापलीय.’

आणि स्वतःला सांगितलं, जाऊ दे. गाण्यात माझं-तुझं नसतं.

हे वाक्य तूही काल म्हणालीस, म्हणून मी रात्री ताडकन उठून बसलो. पोरी, हे वाक्य ज्याचं नाव छापलेलं असतं त्यानं म्हणावं. त्याच्या तोंडी ते मोठेपण आहे. तुझ्या तोंडी ते भीती आहे. मला माहीत आहे, माझ्या तोंडी भीतीच होती.

मी एकवीस वर्षं गप्प बसलो. दर गणपतीत खालून मिरवणूक जायची आणि बेंजोवाले माझा पीस वाजवायचे. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेटवाला तो घ्यायचा, दुसऱ्या ओळीत मी एक कोमल निषाद चोरून लावलाय तो सगळे शुद्धच वाजवतात, आजही. एकदा मी गॅलरीतून खाली गेलो. साठीचा माणूस होता, टोपीवरची झालर उसवलेली. मी त्याला म्हटलं, मास्तर, तिथे कोमल आहे. त्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढला आणि फार अदबीनं म्हणाला, ‘साहेब, हे जुनंच आहे, असंच आहे.’ मी काय सांगणार होतो? कुठला कागद दाखवणार होतो?

फिशरच्या निकालाची बातमी वाचली ती २००९ मध्ये. त्याच आठवड्यात मी मित्राकडे गेलो. पैसे मागायला नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय येतं तेही पाठ झालंय. पैसे नको होते. नवीन सीडी निघणार होती, तिच्यावर ‘सुरुवातीचा पीस’ आणि पुढे माझं नाव, एवढंच. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘तू तेव्हा का नाही बोललास?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. मग म्हणाला, ‘मला तर आठवतं की तो पीस आपण दोघांनी बसवला.’ दोघांनी! खोलीत तो होता, हे खरं आहे. खाटेवर पडून सिगरेट ओढत होता. पण ती आठवण कललेली होती, आणि कदाचित, हे मी प्रथमच लिहितोय, कदाचित माझीही कलली असेल. बहीण दारात थांबली होती हे मला लख्ख आठवतं. मधल्या दोन सुरांसाठी तो खाटेवरून काही म्हणाला होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या असत्या तर आम्हा दोघांनाही कळलं असतं.

सीडीवर नाव आलं नाही. आमचं बोलणं थांबलं. सहा वर्षांनी तो गेला आणि मी अंत्ययात्रेला गेलो नाही. त्यावरून लोक जे बोलतात ते तुझ्यापर्यंत आलं असेल: म्हातारा चार पैशांसाठी मेल्या माणसाशीही भांडला. तसं नाही. बँडवाले येणार होते, चाहत्यांनी ठरवलं होतं, त्याचं ते गाणं वाजवत न्यायचं. त्या गाण्याच्या मागे मी कुठल्या चेहऱ्यानं चालायचं? रडलो असतो तर कोणासाठी रडतोय ते मलाच कळलं नसतं. मी घरी बसून पेटीवर तो पीस वाजवला, कोमल निषादासकट. मला ते बरोबर वाटतं. आजही.

असो. मुद्दा तुझा चाललाय.

तू म्हणतेस, आत्ता बोलले तर मैत्री तुटेल. मग तुटू दे की आत्ता! सात महिन्यांची मैत्री तुटेल. मी एकवीस वर्षं मुरलेली तोडली, तिचा आवाज कसा येतो ते मला विचार. आणि मला नाही वाटत तुटेल. मी त्या मुलांना भेटलोय. ड्रमवाला पोरगा तुझी बॅग उचलून रिक्षापर्यंत येतो. गाणं ऑनलाइन टाकताना फॉर्म भरणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, त्याला ‘संगीत’ म्हणजे चाल एवढंच ठाऊक असेल. सांगितल्याशिवाय त्याला कळायचं कसं? तू गप्प बसून त्याला चोर ठरवतेयस, मनातल्या मनात, रोज थोडं थोडं. हा त्याच्यावर अन्याय आहे. मी माझ्या मित्रावर तो केला.

तू असंही म्हणालीस, की हे एक गाणं आहे, पुढे खूप येतील, तेव्हा बघू. अगं, प्रोकल हारमनंही असंच म्हटलं असेल! कुठलं गाणं उरणार हे तालमीत कोणालाच कळत नाही. दहा अल्बम करशील आणि लोक एकच धरतील, आणि ते कदाचित हेच असेल, जे तुम्ही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत केलंत. एकच गाणं उरलं की बँडचा सगळा हिशेब त्या एकाच गाण्यावर येऊन पडतो, मैत्रीचा, मानाचा, म्हातारपणीच्या औषधांचासुद्धा. प्रत्येक गाण्याचं लिहा, म्हणजे त्याचंही लिहिलं जाईल.

तुमच्या पिढीला कायद्याची बाजू पुष्कळ बरी आहे. मी पीस बसवला तेव्हा कायद्याच्या व्याख्येत संगीत म्हणजे लिहिलेलं किंवा छापलेलं संगीत. १९९४ मध्ये ती व्याख्या बदलली. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहज लिहून घेता येत नाही. आयपीआरएसकडे, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, गाणं नोंदवताना प्रत्येकाचा टक्का लिहायला जागा असते. पण त्या जागेत काय लिहायचं हे कायदा सांगत नाही, ते चौघांनी खोलीत ठरवायचं असतं. फोनवर तालमीचं रेकॉर्डिंग आहे म्हणालीस, ते जपून ठेव, पण त्यावर विसंबू नकोस. रेकॉर्डिंगमध्ये कोण वाजवतंय ते ऐकू येतं. काय ठरलं ते ऐकू येत नाही.

तर रविवारच्या तालमीला एक रेघांची वही घेऊन जा. साधी, दुकानातली, दोनशे पानी. वाजवून झालं, की स्विच बंद करण्याआधी म्हण, ‘दोन मिनिटं थांबा.’ तारीख घाल, गाण्याचं नाव घाल, शब्द कोणाचे, चाल कोणाची, सुरुवातीचा पीस कोणाचा, वाटा किती. सगळ्यांच्या सह्या. वाट्यावर एकमत झालं नाही तर चार समान भाग करा, मला चालेल, पण लिहा. ऑनलाइनचं नाव दुरुस्त करून मिळतं, ते फॉर्म भरणाऱ्यालाच करायला सांग, तू परस्पर करू नकोस. बोलताना रडू येईल. येऊ दे. ‘जाऊ दे’ हा शब्द मात्र तोंडातून काढायचा नाही.

तो मित्र आज असता तर मी त्याच्याकडे हीच वही घेऊन गेलो असतो. ‘दोघांनी’ असंच लिहिलं असतं, पन्नास-पन्नास. त्या दिवशी मला ते का सुचलं नाही, कोण जाणे.

रविवारी रात्री फोन कर, कितीही वाजता. आणि तो तुझा तुकडा मला ड्रम न लावता, नुसता कीबोर्डवर वाजवून पाठव. काल फोनवर नीट कळलं नाही, तिसऱ्या बारात तू कोमल गंधार घेतेस की मला तसा भास झाला?

तुझा,
काका